गणवेश कोणाच्या मोरीत?

राहुरीतल्या आपल्या कितीतरी मुली आता नर्सिंग करतात. वॉर्डातला गणवेश मात्र घरच्याच बादलीत भिजतो, लेकरांच्या कपड्यांसोबत. तीन पाण्यांनी कपडा पाक होतो. जंतू मरायला उष्णता लागते. 2025 मध्ये ब्रिटनच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने सहा घरगुती वॉशिंग मशिन तपासली. झटपट धुलाईत निम्मी नापास! आपल्याकडे तर थंड पाणी आणि ब्रश. सॉफ्टवेअरची टेस्टिंग आम्ही ग्राहकावर ढकलत नाही (कधीकधी ढकलतो, ते सोडा). मग रुग्णालयाचं निर्जंतुकीकरण सिस्टरच्या मोरीत का? चादरी जिथे धुतल्या जातात, तिथेच गणवेश धुवावेत, अशी लेखी मागणी ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे आपणच करू. तोवर गणवेश वेगळा ठेवा, कडक पाण्यात धुवा, उन्हात वाळवा आणि इस्त्री चुकवू नका.