कानात बोळे

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारणही तसंच घडलंय, आणि घरच्या मंडळींपर्यंत ते अर्धवट पोचलंय. तेव्हा एकदा नीट सांगून टाकतो.

मी सकाळी धावतो हे तुम्हाला माहीत आहेच. (धावतो म्हणजे काय, जरा घाईने चालतो असं गल्लीतल्या कुत्र्यांचं मत आहे.) ओहोटी असेल तर थळच्या किनाऱ्यावर, ओल्या घट्ट वाळूतून, समोर खांदेरी-उंदेरी ठेवून. भरती असेल तर वाड्यांमधल्या रस्त्याने. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे बरेच दिवस डांबरी रस्ताच नशिबी येतो. आणि कुठेही धावलो तरी कानात गाणी असायचीच.

तर झालं असं. वाढदिवसाला मला नवे इअरबड्स मिळाले, बाहेरचा आवाज कापणारे. दोन्ही कानांत घातले की दुनिया बंद! मी जाम खूश. त्या दिवशी भरती होती म्हणून रस्त्याने निघालो. आत्याच्या वाडीवरून गेलो, तासाभराने त्याच वाटेने परत आलो. आत्या शिंपणाच्या ओल्यात पाय घसरून पडली होती. गडग्याच्या अगदी पलीकडे. मी जाताना तिने मला हाक मारली, मी येतानाही मारली. मी मात्र तालात होतो. शेवटी नारळ काढायला आलेल्या माणसाने तिला पाहिलं आणि उचललं. मनगट मोडलं होतं.

प्लास्टर घालून घरी आल्यावर आत्या म्हणाली, "तुला दोनदा हाक मारली रे. कानात बोळे घातले होतेस का?" रागावून नाही, अगदी साध्या आवाजात विचारलं. तेच जास्त लागलं.

तेव्हापासून या विषयाचा जरा विचार करतोय. धावताना गाणी ऐकूच नयेत असं काही माझं मत झालेलं नाही बरं का. गाण्याने धावणं सोपं वाटतं, हे खरंच आहे. ब्रुनेल विद्यापीठातल्या कॉस्टास काराजॉर्गिस यांनी व्यायाम आणि संगीत यावर कित्येक वर्षं संशोधन केलंय. त्यांचं म्हणणं असं, की हलक्या आणि मध्यम वेगात संगीतामुळे तेवढेच श्रम कमी वाटतात. अगदी दम काढणाऱ्या वेगात मात्र शरीराच्या तक्रारीपुढे गाण्याचं फारसं चालत नाही. इथिओपियाचा हाइले गेब्रसेलासी १९९८ साली दोन हजार मीटरच्या इनडोअर विश्वविक्रमाला धावला तेव्हा 'स्कॅटमन' हे गाणं लावलं होतं, आणि त्याची पावलं त्या गाण्याच्या लयीत पडत होती म्हणतात.

आपल्याला हे सांगायला इथिओपियाला जायची गरज नाही म्हणा. आळंदीहून पंढरपूरला पायी जाणारी दिंडी टाळ-मृदंगाच्या ठेक्यावरच चालते. माझी आजी दोन वेळा जाऊन आली होती, आणि घरात दोन जिने चढताना ती दोनदा बसायची! पण दिंडीतलं ते गाणं सगळ्यांचं असतं. मागचा थकला तर पुढच्याला कळतं. कुणी पडलं तर आजूबाजूचे थांबतात. लय मिळते आणि शेजारचा माणूसही ऐकू येतो.

गंमत म्हणजे ही काळजी वॉकमन बनवणाऱ्यांनाही वाटली होती. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली आला. त्याला हेडफोनसाठी दोन भोकं होती, म्हणजे दोघांनी मिळून ऐकावं. शिवाय एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं बारीक व्हायचं आणि छोट्या माइकमधून शेजारच्याचं बोलणं कानात यायचं. एकट्यानेच ऐकत बसणं असभ्य दिसेल अशी सोनीच्या अकिओ मोरिता यांना शंका होती. पुढच्या मॉडेलांमधून ते बटण गेलं. मला आता वाटतं, ते ठेवायला हवं होतं.

असो. आत्याचा हात बरा होईपर्यंत मी सगळे प्रकार करून पाहिले. त्यावरचं माझं मत असं.

फोन हातात धरून स्पीकर लावणे: कान मोकळे राहतात, पण सकाळी सहाला माझी आवड अख्ख्या आळीने का सोसावी? बाद.

दोन्ही कान बंद करणे: ट्रेडमिलवर किंवा एसटीत खुशाल करा. आवाज कापणाऱ्या बड्समध्ये व्हॉल्यूम कमी ठेवला तरी चालतो, हा त्यांचा खरा फायदा. साधे इअरफोन असले की गाड्यांच्या आवाजावर मात करायला आपण व्हॉल्यूम वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबलला हेच गणित चार तासांवर येतं. आणि रस्त्यावर तर हा प्रकार नकोच. आमच्या रस्त्याला फुटपाथ नाही, वळणावर गडगे. मांडव्याची रो-रो २०२० मध्ये सुरू झाल्यापासून मुंबईच्या गाड्या थेट बोटीतून उतरून इकडे येतात. त्यात विजेवरच्या स्कूटरला मुळात आवाजच नसतो.

एकाच कानात घालणे: बरेच जण हा मधला मार्ग सांगतात. मीही सांगायचो. पण आवाज कुठून आला हे आपल्याला दोन कान मिळून कळतं. एका कानात तो किंचित आधी पोचतो, त्यावरून. एक कान बुजवला की गाडी आली एवढं समजतं, कुठल्या बाजूने ते नाही. रस्त्यावर नेमकं तेच हवं असतं.

हाडातून ऐकणे: हे हेडफोन कानाच्या पुढे गालाच्या हाडावर बसतात आणि कंपनं तिथून आतल्या कानापर्यंत जातात. कान उघडे राहतात. तबल्याचा बायाँ जरा केविलवाणा वाजतो आणि वारा सुटला की निम्मं गाणं समुद्र खातो, पण मला हेच पटले. तरी एक आहे. कान उघडा असला तरी लक्ष गाण्यातच असेल तर हाक चुकतेच.

म्हणून माझा आताचा नियम साधा आहे. ओहोटीला किनाऱ्यावर हाडातलं गाणं, तेही बारीक. रस्त्यावर काही नाही, फार तर मनातल्या मनात गुणगुणायचं.

माझ्या पुण्यातल्या भाचीला हे अजिबात मान्य नाही. ती म्हणते, "मामा, मी कानात घालते ते गाण्यासाठी नाहीच. लोक काय काय बोलतात ते ऐकायचं नसतं म्हणून." यावर माझ्याकडे उत्तर नाही. थळमध्ये मला येते ती ओळखीची हाक. तिच्या रस्त्यावर तिला जे ऐकावं लागतं ते वेगळं. ती बऱ्याचदा गाणं बंद ठेवून नुसते बड्स घालते, म्हणजे ऐकूही येतं आणि उत्तरही द्यावं लागत नाही. पोर हुशार आहे. माझा नियम माझ्या गावापुरता.

लहानपणी आत्यानेच मला होडीतून खांदेरीला नेलं होतं. तिथे एक दगड आहे, दुसऱ्या दगडाने ठोकला की धातूसारखा खणखणतो. मी धडाधडा ठोकत सुटलो तेव्हा ती म्हणाली होती, "एकदाच मार, आणि मग ऐक." हे त्या सकाळनंतर आठवलं.

आता तिचं प्लास्टर निघालंय. मी गडग्याजवळ आलो की ती काही काम नसताना आतून ओरडते, "चाललास का रे?" मी ओरडतो, "चाललो गं!" येताना पुन्हा तेच. बहुधा ती मला तपासते आहे. तपासू दे.

तुमच्यापैकी कोण कोण धावतं आणि कसं ऐकतं, ते जरूर कळवा. आणि आत्याला फोन करा, हात अजून दुखतो तिचा.