रेकॉर्डरची खरी तुलना
नेटवर्क व्हिडिओ रेकॉर्डर, म्हणजे एनव्हीआर, निवडताना चॅनेलच्या संख्येपेक्षा साठवण महत्त्वाची असते. डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर, म्हणजे डीव्हीआर, कोॲक्सियल केबलवरून आलेले चित्र स्वतः डिजिटल करतो. एनव्हीआरला आयपी कॅमेऱ्याकडून ते तयारच मिळते. एनव्हीआरला पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) पोर्ट असतील तर चित्र आणणाऱ्या नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला वीजही जाते, मात्र केबल 100 मीटरच्या आत हवी. सेकंदाला 2 मेगाबिट वेगाने अखंड चित्रण करणारा एक कॅमेरा दिवसाला 21.6 जीबी जागा घेतो. कोडोली गावच्या बाजारपेठेतल्या चार कॅमेऱ्यांच्या दुकानाला 2 टीबीची डिस्क सुमारे 23 दिवस पुरते, आणि तेवढे बहुधा पुरेसे असते. पोलीस ठाण्याचा हिशेब वेगळा. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी देशातील प्रत्येक ठाण्यातले चित्रण 18 महिने, निदान एक वर्ष तरी जपण्याचा आदेश दिला. त्यात कोडोलीचे ठाणेही आले. 2 मेगाबिटच्या त्याच वेगाने आठ कॅमेऱ्यांचे वर्षाचे चित्रण 63 टीबी भरते. कोठडीतल्या माणसाचा तो पुरावा असल्याने तिथे दोन डिस्कचा स्वस्त रेकॉर्डर घेणे अक्षम्य आहे. अनेक डिस्क बसणारा, एक बिघडली तरी चित्रण वाचवणारा रेड प्रणालीचा रेकॉर्डरच हवा. जागा वाचवायची तर एच.265 हे चित्र-संकेतन एच.264 च्या जवळपास निम्म्या जागेत भागते. रेकॉर्डरची इनकमिंग बँडविड्थही तपासावी: 80 मेगाबिटची मर्यादा असलेल्या सोळा चॅनेलच्या यंत्राला प्रत्येकी 8 मेगाबिटचे सोळा कॅमेरे झेपत नाहीत. वीज गेली तरी चित्रण चालू राहावे यासाठी रेकॉर्डर आणि पीओई स्विच दोन्ही यूपीएसवर घ्यावे लागतात.