झिरो माईल आणि आपली फुशारकी

नागपुरात पाहुणा आला की आपण दोन गोष्टी हमखास करतो. त्याला सावजी खाऊ घालतो आणि झिरो माईलच्या चार घोड्यांपुढे उभं करून फोटो काढतो. वर छाती फुगवून सांगतो, "हा भारताचा मध्यबिंदू आहे बरं का!" पाहुणा मान डोलावतो. बिचारा सावजीनेच अर्धमेला झालेला असतो, वाद कुठे घालणार?

पण मला ही फुशारकी हल्ली खटकते. एक तर आजच्या भारताचा मध्य कटनी जिल्ह्यातल्या करौंदी गावाजवळ मानला जातो. दुसरं म्हणजे त्या दगडावर काय कोरलंय ते कधी वाचलंत? दिल्ली नाही, मुंबई नाही, कलकत्ता नाही. आहे काय, तर शिवनी ७९ मैल, छिंदवाडा ८३, बैतूल १०१, चांदा १२५, जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. ही काही अख्ख्या देशाच्या मध्यबिंदूची भाषा वाटत नाही. एका प्रांताच्या राजधानीतून आजूबाजूच्या मुलखात जाणाऱ्या रस्त्यांची यादी वाटते. (तिथली समुद्रसपाटीपासूनची उंची मात्र १०२०.१७१ फूट दिली आहे. तीन दशांश स्थळं! इंजिनिअर माणसाला एवढ्यानेही भरून येतं.)

तर मुद्दा राजधानीचा. १८५३ मध्ये इंग्रजांनी भोसल्यांचं राज्य खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि तेव्हापासून थेट १९५६ पर्यंत नागपूर राजधानी होतं. ही खरी सांगण्यासारखी गोष्ट, आणि ती आपण पाहुण्याला सांगतच नाही. सिव्हिल लाईन्समधली हायकोर्टाची घुमटवाली इमारत बघा. आर्किटेक्ट हेन्री मेड, नवी दिल्ली उभी राहत असताना तिथे काम केलेला माणूस. १९३७ मध्ये पायाभरणी, जानेवारी १९४० मध्ये उद्घाटन. आणि सोळा वर्षांत राजधानीच गेली! म्हणजे झकास नवं ऑफिस बांधायचं आणि कंपनीने मुंबईला शिफ्ट व्हायचं, तसलाच प्रकार. आता डिसेंबरात अधिवेशनापुरते मंत्री येतात, हुरडा खाऊन जातात. असो.

महालाची तर वेगळीच तऱ्हा. भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीचा वाडा १८६४ च्या आगीत गेला. जुम्मा दरवाजा अजून उभा आहे, पण गांधी गेट म्हणून, आणि रोज त्याच्याजवळून हॉर्न वाजवत जाणाऱ्यांपैकी किती जण मान वर करतात? ऑनसाईट गेलेले आमचे कलीग प्रागच्या जुन्या वेशींचे दोन-दोनशे फोटो पाठवतात. त्यातला एक महालात वाढलेला आहे!

झिरो माईलची गोष्ट एका वाक्यात संपते, हाच तिचा तोटा. फोटो झाला की गाडी काढायची. २०२१ पासून तर शेजारीच मेट्रोचं स्टेशन आहे, गाडीचीही गरज नाही. तेव्हा पुढच्या पाहुण्याला तिथून पायी विधानभवनावरून हायकोर्टाकडे न्या, आणि संध्याकाळी महालात. फक्त हे सगळं फेब्रुवारीच्या आत उरका. मे महिन्यात नेलंत तर तो पुन्हा नागपूरचं नाव काढायचा नाही.