विजेची बचत : वळणीपासून पंख्यापर्यंत

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे सुधारित दर देशभर लागू झाले. या फेररचनेत वातानुकूलन यंत्रावरील, म्हणजे एसीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. छताचा पंखा आणि एलईडी दिवा मात्र १८ टक्क्यांच्याच टप्प्यात राहिले. एलईडी दिव्यावरील कर तर जुलै २०२२ मध्ये १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेण्यात आला होता. तासाला एक ते दीड युनिट वीज घेणारे यंत्र आणि त्याच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्शात चालणारा पंखा आज अशा रीतीने एकाच करात येऊन बसले आहेत. निर्णय दिल्लीचा आहे. परंतु त्याचा विचार वडसा येथे बसून करावा असे आम्हांस वाटते. वीज कोठून येते आणि ती कोणास महाग पडते, हे दोन्ही प्रश्न या गावाच्या अगदी जवळचे आहेत.

दोन औष्णिक केंद्रांच्या मध्ये

वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे वैनगंगेच्या काठचे गाव. गोंदिया-नागभीड-चंद्रपूर लोहमार्गावरील येथील स्थानक दीर्घकाळ गडचिरोली जिल्ह्यातील एकमेव रेल्वे स्थानक होते. भाताच्या गिरण्या आणि झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या ही या गावाची ओळख. येथून उत्तरेस गोंदिया जिल्ह्यात तिरोडा येथे ३३०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे, तर दक्षिणेस चंद्रपूरजवळ ऊर्जानगर येथे महानिर्मितीचे २९२० मेगावॅटचे केंद्र आहे. या दोन्ही केंद्रांची वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते आणि दूरच्या महानगरांपर्यंत पोहोचते. तिची किंमत मात्र प्रथम याच परिसराला मोजावी लागते.

एक युनिट वीज तयार करण्यासाठी साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. आपल्याकडील कोळशात राखेचे प्रमाण मोठे, सुमारे एक तृतीयांश. म्हणजे आपल्या घरातील प्रत्येक युनिटामागे कोठे तरी दोन मुठी राख साचते. देशाच्या विद्युत जाळ्याची सरासरी धरली, तर त्याच युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूरचे नाव तिच्यात अगदी वर होते. चंद्रपूर व घुग्घूस परिसरातील गृहिणींची जुनी तक्रार आहे की, सकाळी वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर सायंकाळपर्यंत काळी धूळ बसते.

प्रश्न केवळ धुळीचा नाही. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणातील पाणी आटले आणि चंद्रपूरचे केंद्र बंद ठेवण्याची पाळी आली. त्याच्या आदल्या वर्षी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पालगत लोहारा येथील प्रस्तावित कोळसा खाणीविरुद्ध चंद्रपुरात मोठे आंदोलन झाले. इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी त्यासाठी उपोषण केले आणि अखेर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्या खाणीस पुढे जाऊ दिले नाही. लोहाऱ्याचा तो कोळसा तिरोड्याच्या केंद्रासाठी होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. वीज, जंगल आणि पाणी हे तीन वेगळे विषय नाहीत. वडसा परिसरातील माणसाला हे पुस्तकातून शिकण्याची आवश्यकता नाही.

वळणीचे गणित

वीजबचतीविषयी पाश्चात्त्य देशांत जे साहित्य प्रसिद्ध होते, त्यात एक सल्ला हटकून असतो : कपडे यंत्रात न वाळवता दोरीवर वाळवा. आपल्या वाचकांस तो वाचून हसू येईल. आपल्याकडे अंगणात, सांदवाडीत, छपरीत वळणी बांधलेली नाही असे घर सापडणे कठीण. परंतु ज्या गोष्टीला आपण गृहीत धरतो, तिचे मोल एकदा हिशेब मांडून पाहणे उपयोगाचे ठरते.

एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे ०.६३ युनिट उष्णता लागते. हा निसर्गनियम आहे. कोणत्याही कंपनीच्या यंत्राने तो बदलत नाही. पाच किलो कपडे यंत्रात पिळून काढले तरी त्यांत दोन-अडीच लिटर पाणी राहते. उष्णतेवर चालणाऱ्या साध्या यंत्रात ते वाळवायचे तर, यंत्रातील गळती धरून, एका खेपेस दोन ते तीन युनिटे खर्च होतात. रोज एक खेप धरली तर महिन्यास साठ ते नव्वद युनिटे झाली. आपल्या भागातील एखाद्या कष्टकरी कुटुंबाची महिन्याची सगळी वीज एवढ्यात भागते. हे काम ऊन आणि वारा रोज विनामूल्य करतात, आणि त्याची नोंद कोणत्याही मीटरवर होत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या घरांतील साध्या धुलाई यंत्रात ज्या भांड्याला ‘ड्रायर’ म्हणतात, ते कपडे वाळवत नाही. वेगाने फिरवून पाणी पिळून काढते. त्याला वीज फार थोडी लागते, आणि पावसाळ्यात ते उपयोगाचेच आहे. विजेचा खरा भार पडतो तो गरम हवेने कपडे वाळवणाऱ्या यंत्राचा. अशी यंत्रे आता मोठ्या शहरांतील दुकानांत सहज मिळू लागली आहेत. त्यासोबत दुसरा बदलही घडत आहे. काही गृहसंकुलांत दर्शनी सज्जात कपडे वाळत घालण्यास मनाई असते, कारण त्याने म्हणे इमारतीची शोभा जाते. अमेरिकेत अनेक वसाहतींनी असेच नियम केले होते. पुढे फ्लोरिडा, व्हरमाँट यांसारख्या राज्यांना कपडे उन्हात वाळवण्याचा नागरिकांचा हक्क कायद्याने राखावा लागला. जी गोष्ट आपल्याकडे आहे ती आधी गमवायची आणि मग कायदा करून परत मिळवायची, हा मार्ग शहाणपणाचा नव्हे. आपली जी मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी नागपूर-पुण्यास सदनिका घेत आहेत, त्यांनी घर पाहताना कपडे वाळवण्याची जागा कोठे आहे, हेही विचारावे.

वळणीसंबंधी आणखी एक बाब आहे, आणि ती जिवाशी संबंधित आहे. खेड्यापाड्यांत पुष्कळदा दोरीऐवजी लोखंडी तार बांधली जाते. तिचे एक टोक पत्र्याच्या छपराला किंवा खांबाला असते आणि जवळूनच विजेची सर्व्हिस वायर गेलेली असते. वायरवरील आवरण झिजले की पावसाळ्यात पत्रा आणि तार या दोहोंत वीज उतरते. ओले कपडे वाळत घालताना धक्का लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या दरवर्षी वाचावयास मिळतात; आणि एकास वाचवण्यास धावलेला दुसराही त्यात सापडतो. यास्तव वळणी नायलॉनच्या अथवा काथ्याच्या दोरीची असावी, ती विजेच्या तारेपासून व पत्र्यापासून दूर बांधावी आणि घराच्या जोडणीत गळतीच्या क्षणी पुरवठा तोडणारे सुरक्षा उपकरण बसवून घ्यावे. त्यास येणारा खर्च एका जिवापुढे काहीच नाही.

खरी बचत कोठे आहे

वडसा-ब्रह्मपुरीकडील घरांत कपडे वाळवण्यास वीज लागत नाही. मग बिल वाढते कशाने? उन्हाळ्यात देशातील सर्वाधिक तापमानाच्या बातम्यांत चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावे वारंवार येतात. येथे पंखा ही चैन नाही. वर्षातील आठ-नऊ महिने तो दिवसरात्र फिरतो. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. रोज १५ तास चालला तर महिन्यास जवळपास ३४ युनिटे होतात. बीएलडीसी प्रकारच्या मोटारीचा नवा पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. त्याची महिन्याची १३ ते १४ युनिटे होतात. म्हणजे एका पंख्यामागे महिन्यास २० युनिटांची बचत, दोन पंख्यांमागे ४० युनिटांची.

या आकड्याचा अर्थ महावितरणच्या दरपत्रकाशेजारी ठेवून पाहावा. घरगुती ग्राहकांना पहिल्या १०० युनिटांस एक दर असतो, १०१ ते ३०० युनिटांस दुसरा. अलीकडच्या वर्षांत या दुसऱ्या टप्प्याचा ऊर्जा आकार पहिल्याच्या दुपटीच्या आसपास राहिला आहे. ज्या घराचा वापर १२० युनिटे आहे, तेथे दोन पंखे बदलले तर वापर ८० वर येतो आणि ते घर महागड्या टप्प्यातून सर्वस्वी बाहेर पडते. दिव्यांचेही असेच आहे. ६० वॅटचा पिवळा दिवा रोज पाच तास लावला तर महिन्यास ९ युनिटे. तेवढ्याच उजेडाच्या ९ वॅटच्या एलईडी दिव्यास दीड युनिटही लागत नाही. कूलर आणि एसी यांतील फरक तर याहून मोठा. कूलर १५० ते २०० वॅटमध्ये चालतो आणि मे महिन्याच्या कोरड्या हवेत उत्तम काम देतो. ज्यांस आजारपणामुळे एसी आवश्यक आहे, त्यांनी तो २४ अंशांवर ठेवावा; १ जानेवारी २०२० पासून नव्या यंत्रांत हेच तापमान मुळात ठरवून दिलेले असते.

दिव्याचे झाले, पंख्याचे का नाही?

कार्यक्षम वस्तू महाग असते, हा आक्षेप खरा आहे. बीएलडीसी पंखा साध्या पंख्यापेक्षा साधारण दीड ते दोन हजार रुपयांनी महाग पडतो. वाचलेल्या विजेतून हे पैसे एक-दोन वर्षांत परत येतात. परंतु धान कापणीच्या मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाजवळ आज एकरकमी देण्यास ते नसतात. म्हणून ते स्वस्त पंखा घेते आणि पुढील दहा वर्षे बिलातून त्याची किंमत पुन्हा पुन्हा मोजत राहते. गरिबाला वीज महाग पडते ती अशी. अशा घराला काटकसरीचे प्रवचन देणे आम्हांस योग्य वाटत नाही.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. एलईडी दिव्यांचा इतिहास अगदी ताजा आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने ‘उजाला’ योजना सुरू केली. सरकारी कंपनी ईईएसएलने कोट्यवधी दिव्यांची एकत्रित खरेदी केली. २०१४ मध्ये जो दिवा खरेदीत ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. ३६ कोटींहून अधिक दिवे या योजनेतून वाटले गेले आणि खुल्या बाजारातील किंमतीही खाली आल्या. पंख्यांच्या बाबतीत १ जानेवारी २०२३ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन सक्तीचे झाले. त्याच वर्षी एक कोटी कार्यक्षम पंख्यांच्या वितरणाचा कार्यक्रमही जाहीर झाला. परंतु दिव्याने जी मजल मारली, ती पंख्याने अद्याप मारलेली नाही. एसीवरील करात दहा टक्के सूट देणाऱ्या शासनाने पाच तारे असलेल्या पंख्याचाही कर कमी केला असता, तर त्याचा लाभ खेड्यातील घरापर्यंत पोहोचला असता. ही मागणी लोकप्रतिनिधींकडे नेण्याजोगी आहे.

एकत्र येण्याचा धडा

शासनाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. २००५ नंतरच्या भीषण भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रात ‘अक्षय प्रकाश’ योजना राबवली गेली, हे अनेकांस स्मरत असेल. गावाने सायंकाळच्या कमाल मागणीच्या वेळी पंप, गिरणी व इतर मोठी उपकरणे आपणहून बंद ठेवायची, आणि त्याबदल्यात महावितरणने दिवे-पंख्यांपुरता पुरवठा चालू ठेवायचा, असा तो करार होता. एकाने नियम मोडला तर सगळे गाव अंधारात जाणार होते. तरी अनेक गावांनी तो पाळला. पुढे गावठाण व शेतीच्या वाहिन्या वेगळ्या झाल्या, भारनियमन ओसरले आणि योजनेची गरज मागे पडली. पण शेजाऱ्यासाठी आपली कळ बंद ठेवता येते, हे गावांनी दाखवून दिले.

तोच मार्ग आज पंख्यासाठी वापरता येईल. महिला बचत गटांनी दहा-वीस घरांची मागणी एकत्र करून घाऊक दराने पंखे घ्यावेत आणि त्याचा हप्ता महिन्याच्या वाचलेल्या बिलातून फेडावा. धर्मग्रामाने आपल्या चर्चमधील, सभागृहातील आणि वसतिगृहातील पंखे-दिवे प्रथम मोजावेत. अनेक पंखे एकत्र फिरतात तेथे बचतही अनेक पटींनी होते. ज्यांचे पक्के छत आहे त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचा विचार करावा. तीत एक किलोवॅटला ३०,००० आणि तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. मात्र क्रम विसरू नये : आधी वापर कमी करावा, मग सौर संच घ्यावा. त्याने संचही लहान पुरतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात एसीच्या वाढत्या वापरावर बोट ठेवले आणि विनाकारण जळणारा दिवा मालवण्यासारख्या लहान कृतींनाही मोल दिले. त्या उपदेशाचा एक भाग आपल्या माता-भगिनी पिढ्यानपिढ्या न सांगता आचरीत आल्या आहेत. म्हणून आमचे वाचकांस सांगणे एवढेच : अंगणातील वळणी जपावी, तिची तार आजच बदलून दोरी करावी, आणि पुढील पंखा घेताना किंमतीच्या चिठ्ठीसोबत तारेही मोजावेत. जे अधिक वीज वापरतात, त्यांच्यावर बचतीचे दायित्व अधिक आहे; आणि ज्यांच्या परिसरातून कोळसा, पाणी व जंगल देऊन ही वीज निर्माण होते, त्यांना ती स्वस्त व सुरक्षित मिळावी, हा त्यांचा न्याय्य हक्क आहे.