शॉक मुतखड्याला, माणसाला नव्हे

एका वाचक भगिनीने लिहिले आहे : ‘यजमानांच्या मूत्रपिंडात १ सेंटिमीटरचा खडा आहे. डॉक्टर शॉक देऊन फोडू म्हणतात, पण शॉकचे नाव काढताच यजमान घाबरतात. काय करावे?’

घोटाळा सगळा त्या शब्दाचा आहे. हा विजेचा झटका नव्हे, ही दाबाची लहर आहे. यजमानांना घरीच एक गंमत दाखवा. गोल परातीत पाणी भरून स्थिर होऊ द्या आणि बरोबर मध्यावर एक थेंब टाका. वर्तुळे काठापर्यंत पसरतील, परत फिरतील आणि आकसत मध्यावर येतील. तेथे पाणी क्षणभर वर उसळेल. काठाशी विखुरलेली शक्ती एका जागी गोळा झाली, एवढेच.

यंत्रात परातीऐवजी लंबगोलाचा भाग असलेली वाटी असते. तिच्या एका केंद्राशी पाण्यात ठिणगी पाडली की लहर वाटीवर आपटून दुसऱ्या केंद्राशी एकवटते. खडा तेथेच येईल असे रुग्णाला झोपवतात. (काही यंत्रांत ठिणगीऐवजी विद्युतचुंबक असतो.) समजा, लहर १५ सेंटिमीटर व्यासाच्या त्वचेतून आत शिरली आणि १ सेंटिमीटरवर एकवटली, तर तिची तीव्रता सुमारे सव्वादोनशे पट होते. म्हणून त्वचा वाचते आणि खडा फुटतो. आपले मांस बरेचसे पाण्यासारखे असल्याने लहर त्यातून सहज जाते. खडा दाब सोसतो, पण ताण सोसत नाही. आत शिरलेली लहर त्याच्या मागच्या बाजूवरून उलटताना ताण बनते, त्यामुळे तो पुष्कळदा मागूनच तुटू लागतो!

जर्मनीतील डोर्निअर ही विमाने बनवणारी कंपनी. वेगवान विमानावर आपटणाऱ्या पावसाच्या थेंबांचा अभ्यास करताना तिला ही वाट सापडली. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये डॉ. ख्रिस्तियन शोसी यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. तेव्हा रुग्णाला पाण्याच्या टबात बसावे लागे. आता पाण्याची उशी आणि जेल पुरते.

एका वेळी साधारण दोन-तीन हजार लहरी देतात. मिनिटाला १२० देण्यापेक्षा ६० दिल्यास खडा चांगला फुटतो, तेव्हा ‘लवकर आटपा’ म्हणू नये.

मात्र गर्भवतींना हा उपचार चालत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगा. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर तो प्रथम बरा करावा लागतो. २ सेंटिमीटरहून मोठ्या खड्याला सहसा दुसरा मार्ग बरा.

नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होईल, तुकडे उतरताना कळाही येतील. लघवी मलमलीतून गाळून तुकडे तपासणीसाठी ठेवा. पण थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठा.