लस आली, पण कोणासाठी आणि केव्हा?

साथीच्या काळात लस शोधणे हे शास्त्रज्ञांचे काम, ती पुरविणे हे सरकारचे काम आणि ती टोचणे हे परिचारिकेचे काम, ही वाटणी सर्वांच्या ध्यानात राहते. या तिन्ही कामांच्या मध्ये आणखी एक काम असते आणि ते मात्र कोणाच्याच नावावर नसते. लस आज कोणाला मिळणार, कोठे मिळणार, किती वाजता मिळणार आणि जाताना बरोबर कोणता कागद न्यावयाचा, एवढे लोकांना वेळेवर व विश्वासाने सांगणे, हे ते काम होय. २०२१ साली तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, तसेच राज्याच्या बहुतेक ग्रामीण भागात, या कामाची जी आबाळ झाली, तिचा हिशेब मांडला जाणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तेव्हा आता हा विषय उकरून काढण्यात काय हशील, असे कोणी विचारील. हशील एवढेच की, घाई नसते तेव्हाच अशा गोष्टींचा विचार शांतपणे होऊ शकतो. साथ दारात उभी राहिली म्हणजे जो तो रांगेत उभा असतो.

प्रथम त्या वर्षाचे वेळापत्रक आठवून पाहावे. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले ते आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी. फेब्रुवारीच्या प्रारंभी पोलीस, महसूल व इतर आघाडीचे कर्मचारी त्यात आले. १ मार्चपासून साठ वर्षांवरील नागरिक आणि पंचेचाळीस ते एकोणसाठ या वयातील व्याधिग्रस्त पात्र ठरले. यात वय मोजावयाचे ते १ जानेवारी २०२२ या पुढच्या तारखेस. व्याधी म्हणजे केवळ ठरवून दिलेल्या वीस व्याधी. आणि त्यासाठी नोंदणीकृत वैद्याचे प्रमाणपत्र. १ एप्रिलपासून व्याधीची अट गेली आणि पंचेचाळीस वर्षांवरील सर्वजण पात्र झाले. १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना दार उघडले. पण १२ मे रोजी महाराष्ट्र शासनाने अठरा ते चव्वेचाळीस या गटाचे लसीकरण थांबविले, कारण पंचेचाळीस वर्षांवरील लोकांच्या दुसऱ्या मात्रेपुरतीही लस हाती नव्हती. २१ जूनपासून केंद्राने सर्व प्रौढांसाठी मोफत पुरवठा सुरू केल्यावर हे दार पुन्हा उघडले. पाच महिन्यांत पात्रतेची व्याख्या एवढ्या वेळा बदलली. यातील प्रत्येक बदलास काही ना काही कारण होते, हे मान्य करावयास हवे. लस अपुरी असेल तर ती प्रथम वृद्धांना द्यावी की तरुणांना, हा प्रश्न कोणत्याही सरकारला चुकविता आला नसता. परंतु नियम बदलण्याची गती आणि तो बदल वाडीवस्तीवर पोहोचण्याची गती यांत जे अंतर पडले, त्याला लसीच्या तुटवड्याचे कारण देता येणार नाही.

दुसऱ्या मात्रेची कथा याहून बोलकी आहे. कोविशील्डची दुसरी मात्रा आरंभी चार ते सहा आठवड्यांनी घ्यावयाची होती. मार्चच्या अखेरीस ही मुदत आठ आठवड्यांपर्यंत वाढली आणि १३ मे रोजी ती बारा ते सोळा आठवडे झाली. पहिली मात्रा घेताना परिचारिकेने जी तारीख सांगितली ती घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवणाऱ्या, व त्या तारखेस एसटी बंद असल्यामुळे कोणाच्या तरी दुचाकीवर बसून प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या वृद्ध शेतकऱ्याला, आता महिनाभराने या, असे दारातच सांगितले जाणे म्हणजे काय, याची कल्पना मंत्रालयात बसून येत नाही. नव्या मुदतीपूर्वी घेतलेल्या वेळा रद्द होणार नाहीत, असा खुलासा केंद्राला मागाहून करावा लागला. तो खुलासाही वर्तमानपत्र वाचणाऱ्यापर्यंतच गेला.

१ मे रोजी जे घडले ते तर अधिकच विलक्षण होते. अठरा ते चव्वेचाळीस या वयाच्या नागरिकांनी कोविन या संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी करून वेळ मिळविल्याखेरीज केंद्रावर येऊच नये, असा दंडक होता. संकेतस्थळाची भाषा तेव्हा इंग्रजी. मराठीसह इतर भारतीय भाषा त्यावर आल्या त्या जूनमध्ये, म्हणजे पहिली झुंबड उडून गेल्यावर. पिनकोड घालावा, मोबाइलवर सांकेतिक क्रमांक येण्याची वाट पाहावी, तो येईपर्यंत त्या दिवसाच्या सर्व वेळा संपलेल्या असाव्यात, हा अनुभव महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आणि कार्यालयातील कारकुनांनी दिवसचे दिवस घेतला. संगणकाच्या जाणकारांनी मोकळी वेळ दिसताच सूचना देणाऱ्या युक्त्या रचल्या. त्यांच्यापाशी वेगवान जोडणी होती आणि घरी बसून सारखा पडदा न्याहाळण्याइतकी सवड होती. परिणामी राज्यात ठिकठिकाणी शहरातील तरुण मोटारीने खेड्यातल्या आरोग्य केंद्रावर येऊन लस घेऊन जात आणि त्या गावचे लोक पारावरून ते पाहत राहत. यात शहरातील तरुणाचा दोष नव्हता. त्याने नियम पाळला होता. नियमच असा होता की जो आधी पाहील तो पात्र, आणि आधी पाहणे हे ज्याच्यापाशी साधन आहे त्यालाच शक्य.

सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात ३१ मे २०२१ च्या आदेशाने या डिजिटल दरीवर बोट ठेवले आणि ज्यांच्यापाशी साधने नाहीत त्यांचे काय, असा प्रश्न केंद्रास विचारला. त्यापूर्वीच, २४ मेपासून, सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणी करण्यास मुभा देण्यात आली होती. चूक लवकर दुरुस्त झाली असे कोणी म्हणेल. पण दुसरी लाट ऐन भरात होती ती एप्रिल-मेमध्येच. त्या काळातील तीन-चार आठवडे हे इतर वेळच्या तीन-चार आठवड्यांसारखे नव्हते.

हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. सतरा हजार चौरस किलोमीटरांवर पसरलेले चौदा तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांवर वस्ती. अकोल्याच्या डोंगरातील ठाकर व महादेव कोळी वस्त्या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणापासून शंभराहून अधिक किलोमीटरांवर. तेथे मोबाइलला आवाज मिळाला तरी पुष्कळ. याउलट प्रवरेच्या व गोदावरीच्या काठचा बागायती पट्टा, जेथे कारखाने आहेत, महाविद्यालये आहेत आणि हाती चांगला फोन असणारी तरुण पिढी आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या बाजूंची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यात परततात. १ मार्चला त्यांच्यातील वृद्ध पात्र झाले तेव्हा ते कोठल्या तरी कारखान्याच्या थळात पालात राहत होते. त्यांना पात्रता कळवावयाची कोणी? ज्या गावात नाव आहे त्या गावाने, की ज्या गावात पाल आहे त्या गावाने? ओळखपत्र नसलेल्यांनाही लस द्यावी, अशी कार्यपद्धती केंद्राने मे महिन्याच्या आरंभी राज्यांकडे धाडली होती आणि ती स्तुत्य होती. मात्र ओळखपत्र नसलेल्या माणसापर्यंत ही सवलत पोहोचवावयाची कशी, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

संकेतस्थळ निरुपयोगी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. एवढ्या मोठ्या देशात कोणाला कोणती लस केव्हा टोचली याची नोंद कागदी वहीत ठेवली असती तर दुसऱ्या मात्रेचा मेळ बसविणे दुरापास्त झाले असते. कोविशील्डच्या एका कुपीत दहा मात्रा असतात आणि कुपी फोडल्यावर चार तासांत त्या संपवाव्या लागतात. तेव्हा किती माणसे येणार याचा अंदाज केंद्राला आधी हवाच. तक्रार नोंदवहीबद्दल नाही. नोंदवहीलाच दवंडी समजले गेले, ही तक्रार आहे. नोंद ठेवणे हे शासनाच्या सोयीचे काम; खबर देणे हे लोकांच्या सोयीचे. दोन्ही एकाच यंत्राने होतील असे मानण्यात गफलत झाली.

या गफलतीचे आश्चर्य अशासाठी वाटते की, महाराष्ट्राला लसीची दवंडी नवी नाही. हिंदुस्थानात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, १८०२ साली. त्यानंतरच्या पावणेदोनशे वर्षांत ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला की रोग नाहीसा झाल्यावरही तो जुन्या माणसांच्या बोलण्यात राहिला. देवी काढणारा माणूस गावात येई तो वर्दी देऊन. पल्स पोलिओच्या मोहिमेत, १९९५ पासून, रविवार ठरलेला असे, केंद्र ठरलेले असे, बोटावर शाई लागे आणि राहिलेल्या बालकांसाठी पुढच्या दिवसांत घरोघर माणसे फिरत. पात्रतेचा नियमही आजीला समजेल असा होता: पाच वर्षांच्या आतील प्रत्येक मूल, आधी डोस घेतला असो वा नसो.

आणि याच जिल्ह्यात जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे जो प्रकल्प उभारला त्याचा सारा भार गावातीलच, बहुधा अल्पशिक्षित, आरोग्य सेविकांवर होता. औषधांइतकीच खबर महत्त्वाची असते आणि ती शेजारणीने सांगितली म्हणजेच पटते, हे त्या प्रकल्पाने दाखवून दिले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरचे वैद्य जामखेडला शिकावयास आले. पुढे देशात आशा स्वयंसेविकांची योजना आली तिच्यामागे अशाच प्रयोगांचा अनुभव होता. इतके सारे अंगणात असताना जिल्ह्याने २०२१ मध्ये खबर देण्याचे काम दूरच्या एका पडद्यावर सोपवून दिले.

प्रत्यक्षात खबर पोहोचविली ती माणसांनीच. गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर रात्री उशिरा संदेश येई: उद्या इतक्या मात्रा, फक्त दुसरा डोस, आधार कार्ड आणावे. शिक्षकांनी सर्वेक्षणाच्या याद्या केलेल्या होत्याच. त्याच याद्या घेऊन ते फोन करीत. सेवा केंद्रातील मुले आपल्या फोनवरून इतरांची नोंदणी करून देत. हिवरे बाजारने मे २०२१ च्या मध्यास गाव कोरोनामुक्त केले ते स्वयंसेवकांच्या पथकांनी घरोघर जाऊन. तेथे माहिती फलकावर येण्याची वाट कोणी पाहिली नाही. पण प्रत्येक गावाला पोपटराव पवार लाभत नाहीत. जेथे अशी व्यवस्था नव्हती तेथे पहाटेपासून चपला आणि दगड रांगेत ठेवले जात, आणि टोकन कोणाच्या चिठ्ठीने मिळते याची कुजबुज चाले. माहिती उघड नसली की तिचा व्यापार होतो, आणि लहान गावात तो व्यापार ओळखीच्या नाण्यात चालतो.

लस मुबलक झाल्यावर चित्र पालटले. आता लोक येत नाहीत अशी तक्रार सुरू झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये रुग्णसंख्या चढी राहिल्याने जिल्ह्यातील ६१ गावांत ४ ते १३ तारखेपर्यंत टाळेबंदी लावण्यात आली. त्याच महिन्यात राज्याने ‘मिशन कवच कुंडल’ आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘मिशन युवा स्वास्थ्य’ हाती घेतले. नोव्हेंबरात केंद्राचे घरोघर दस्तक देण्याचे अभियान आले. डिसेंबरअखेरीस जिल्हा प्रशासनाने लस न घेतलेल्यांना सार्वजनिक ठिकाणी प्रवेश नाही, असा पवित्रा घेतला. सार्वजनिक आरोग्यासाठी सक्ती कधीच करू नये, असे म्हणता येणार नाही. मात्र ज्या क्षणी शासन लसीचा दाखला ही दुकानात वा कार्यालयात शिरण्याची अट करते, त्या क्षणी ती लस कोठे व केव्हा मिळेल हे प्रत्येकाच्या दारात सांगण्याचे त्याचे कर्तव्य दुप्पट होते. मे महिन्यात रांगेतून दोनदा परत पाठविलेली बाई डिसेंबरात लसीला नाखूश असेल, तर तिला अडाणी म्हणण्यापूर्वी त्या दोन खेपांचा विचार व्हावयास हवा होता.

पुढे वर्धक मात्रेच्या वेळीही तोच घोळ झाला. १० एप्रिल २०२२ पासून अठरा ते एकोणसाठ वयाचे लोक पात्र झाले, पण केवळ खासगी केंद्रांवर आणि पैसे मोजून. ज्या तालुक्याच्या गावी असे केंद्रच नाही तेथे ही पात्रता कागदावरचीच होती. १५ जुलैपासून पंचाहत्तर दिवस ती मात्रा सरकारी केंद्रांवर मोफत झाली. तोवर लोकांचे लक्ष उडून गेले होते.

आता बालकांच्या नियमित लसीकरणाच्या नोंदी कोविनच्याच धर्तीच्या यू-विन या व्यवस्थेवर होऊ लागल्या आहेत, तेव्हा काही गोष्टी नियम म्हणून ठरविता येण्याजोग्या आहेत. दुसऱ्या दिवशीच्या मात्रा किती, कोणत्या वयासाठी, पहिल्या की दुसऱ्या, हे आदल्या सायंकाळी ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या आणि आरोग्य केंद्राच्या फलकावर मराठीत लागले पाहिजे आणि ध्वनिवर्धकावरून सांगितले गेले पाहिजे. केंद्राला मिळालेल्या मात्रांपैकी ठरावीक वाटा त्या केंद्राच्या गावांसाठी, गावनिहाय वार लावून, राखला पाहिजे. पात्रतेचा नियम बदलला तर जुन्या नियमाने बोलाविलेल्या माणसाला परत पाठविता कामा नये. हंगामी स्थलांतर करणाऱ्यांची खबर कारखान्याच्या शेतकी खात्यामार्फत थळापर्यंत गेली पाहिजे. तोडीच्या पावत्या जेथे पोहोचतात तेथे लसीची तारीख पोहोचणे अवघड नाही. आणि हे सर्व ज्यांनी सांगावयाचे त्या आशा स्वयंसेविकांना या कामाचा स्वतंत्र मोबदला हवा. राज्यातील सुमारे सत्तर हजार आशांना १५ जून २०२१ पासून, ऐन साथीत, तुटपुंज्या मानधनासाठी संपावर जावे लागले होते. फोनचे पैसे त्या पदरचे घालीत होत्या.