युरियाने थंडी हटत नाही

संपादक महाशय,

संकरित नेपियर लावा, दर कापणीनंतर युरिया टाका आणि बारमाही चारा घ्या, हा आपल्या लेखातला सल्ला राहुरीकडे एक वेळ खपेल. आम्हा ग्वाल्हेरकरांना तो महागात पडेल. इथे जानेवारीत रात्रीचा पारा ६-७ अंशांवर येतो. पारा १५च्या खाली राहिला की हे गवत जवळपास वाढतच नाही. ठोंब जिवंत असतो, पण पाती टोकाकडून करपतात आणि फुटवा हलत नाही. तेव्हा ४५ किलोच्या गोणीतलं सुमारे २१ किलो नत्र घेणार कोण? त्यात पाण्याचा ताण असला, तर ताटात नायट्रेट साठून जनावराला विषबाधा होऊ शकते. लेखात त्याचा उल्लेखही नाही!

युरिया द्यायचा तो पावसाळ्यात, ओल बघून, कापणीमागे बेतानं. छायाचित्रातलं डोक्यावर गेलेलं गवत दिसतं झकास. पण तेवढं जून होईपर्यंत त्यातली प्रथिनं घटलेली असतात.

हिवाळ्यासाठी ऑक्टोबरात बरसीम पेरावं. मुळांवरच्या गाठींमुळे त्याला युरिया फारसा लागत नाही. झाशीची चारा संशोधन संस्था १९६२पासून इथून शंभरेक किलोमीटरवर आहे. लेखकमहाशयांनी एक फेरी मारावी, तीही जानेवारीत.

— एक गोपालक, लष्कर, ग्वाल्हेर